जावयाचं ग्लुटेन

पूर्वी बाटलीवर आत काय आहे ते लिहीत. आता आत काय नाही ते लिहितात. साखर नाही, रंग नाही, प्रिझर्वेटिव्ह नाही. शेंगदाण्याच्या तेलात कोलेस्टेरॉल जन्मात कधी नव्हतं, तरी ते नसल्याची बातमी पिशवीवर ठळक अक्षरात असते. लग्नाच्या बायोडाटात 'मुलगा निर्व्यसनी' लिहायची आपली जुनी रीत कंपन्यांनी उचललेली दिसते. मुलगा करतो काय, हे पुढं बारीक टाइपात.

डोंगरकड्याला आत्याच्या ओसरीवर आलेली बाटली अशीच निर्व्यसनी होती. आत्याचा नातू पुण्याला हिंजवडीत कॉम्प्युटरवर असतो. संक्रांतीच्या आसपास हुरड्यासाठी गावी आला तेव्हा त्यानं ती टॉवेलात गुंडाळून, बॅगेच्या मधोमध ठेवून आणली. आत काळपट तपकिरी पातळ पदार्थ, तळाशी साचलेले तीळ. वर 'जॅपनीज स्टाईल बार्बेक्यू सॉस' आणि त्याखाली हिरव्या गोलात 'ग्लुटेन-फ्री'.

आता डोंगरकडा म्हणजे नांदेडहून निघालात की अर्धापूर लागतं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा सुरू होतात, त्याच पट्ट्यात हे गाव. तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. पुढं वारंगा फाटा, जिथं प्रवासी खिचडी खायला उतरतात आणि मग बस सुटली म्हणून धावतात. या रस्त्यानं आजवर पुष्कळ गोष्टी आल्या. पण ग्लुटेन नसलेली चटणी येण्याची गरज गावाला वाटली होती, असं म्हणणं धाडसाचं होईल.

"आजी, यात ग्लुटेन नाहीये," नातवानं सांगितलं.

"बरं. मग ते कशात असतंय?"

"गव्हात."

आत्यानं बाटली उजेडाकडं धरून हलवली. "आन् चटणीत गहू कशाला असंल, बाप्पा?"

हा प्रश्न साधा वाटतो, पण सगळं पाणी इथंच मुरतं. म्हणून जपानला जाऊन यावं लागेल.

जपानी लोक मांस भाजून खातात हे आपण इतकं गृहीत धरलंय, की त्यांनी बाराशे वर्षं ते न खाण्याचे कायदे केले हे कानावर आलं तर खोटं वाटतं. इ.स. ६७५ मध्ये तेन्मु सम्राटानं गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली. यादीत माकड आहे, म्हणजे कोणीतरी तिथवर पोचलं असणार. उगाच कोणी बंदी घालत नाही. लोक चोरूनमारून खात राहिले, आजारपणाचं निमित्त सांगून खात राहिले, म्हणजे सगळं आपल्या ओळखीचंच. मग १८७२च्या जानेवारीत मेइजी सम्राटानं स्वतः गोमांस खाल्लं आणि ते खाल्ल्याचं जाहीर होऊ दिलं. राजानं खाल्लं म्हटल्यावर प्रजेला आजारी पडायची गरज उरली नाही.

पण टेबलावरच शेगडी ठेवून मांसाचे पातळ काप भाजायचे आणि वाटीतल्या रसात बुडवून खायचे, हा 'याकिनिकु' प्रकार घराघरांत रुजला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. त्यात तिथं स्थायिक झालेल्या कोरियन लोकांचा हात मोठा. त्या वाटीतल्या रसाला म्हणतात 'तारे'. सोया सॉस, साखर, मिरिन नावाची गोड तांदळाची दारू, आलं, लसूण, तीळ आणि पुष्कळदा किसलेलं सफरचंद किंवा नासपती. १९७८ साली एबारा कंपनीनं फळांचा गर घातलेलं 'ओगोन नो आजि' बाटलीत भरून विकायला काढलं आणि तारे घरी करायची कटकट बऱ्याच जपानी बायकांनी सोडून दिली. हेच प्रकरण अमेरिकेला गेलं तेव्हा तिथल्या लोकांना कळावं म्हणून त्याचं 'जपानी बार्बेक्यू सॉस' असं बारसं झालं. अमेरिकेचा स्वतःचा बार्बेक्यू सॉस टोमॅटोचा, दाट आणि धुरकट. त्याच्याशी याचं नातं फक्त आडनावापुरतं.

आता गहू. सोया सॉस म्हटल्यावर त्यात सोयाबीन असणार हे आपण ओळखतो, पण नेहमीच्या जपानी सोया सॉसमध्ये जवळजवळ तितकाच गहू असतो. सोयाबीन वाफवायचं, गहू भाजून भरडायचा, दोन्ही एकत्र करून त्यावर कोजी नावाची बुरशी चढवायची. दोन-तीन दिवसांत सगळं पांढुरकं झालं की मिठाच्या पाण्यात टाकून महिनोन्‌महिने आंबवत ठेवायचं. गव्हातल्या पिष्टाची साखर होते, तिच्यातून तो वास आणि जिभेवरचा गोडवा येतो. म्हणजे चटणीत गहू का, तर चटणीच्या बापात गहू होता म्हणून.

गहू नको असेल तर तमारी. मिसो नावाचा आंबवलेला सोयाबीनचा लगदा पिंपात दाबून ठेवला की जो दाट रस सुटतो, ती मूळ तमारी. ती बहुतेक निव्वळ सोयाबीनची असते, चवीला जास्त गंभीर, रंगाला जास्त काळी. सगळ्याच तमारीत गहू शून्य असतो असंही नाही. काहींत थोडा घालतात, म्हणून तिथंही लेबल वाचावंच लागतं. आत्याच्या बाटलीत होती ती बिनगव्हाची. एवढ्यासाठी तो हिरवा गोल.

या कोजी बुरशीपाशी मी जरा थांबणार आहे, कारण हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन आणि बुरशी हे दोन शब्द एका वाक्यात आले की माणसाचा चेहरा उतरतो. जूनमध्ये पेरायचं, खोडमाशी, चक्रीभुंगा, पिवळा मोझॅक यांच्यातून उरलेलं वाचवायचं आणि काढणीला यावं तेव्हाच परतीचा पाऊस. सुडीवर ताडपत्री टाका, काढा, पुन्हा टाका. त्यातून जे भिजलं ते काळं पडतं. मग मोंढ्यावर ढीग ओतला की आडत्या मूठभर उचलतो, तळव्यावर पसरतो, नाकाशी नेतो, एक दाणा दाताखाली फोडतो. हा सगळा अभिनय मूक असतो. शेवटी आर्द्रता मोजायच्या यंत्रात चिमूटभर दाणे जातात आणि यंत्र जो आकडा दाखवतं त्यावर कोणाच्या पोरीचं लग्न पुढं ढकलायचं ते ठरतं. सरकारी खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. २०२४च्या नोव्हेंबरात, ऐन विधानसभा निवडणुकीच्या धामधुमीत, केंद्रानं तो १५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतला. निवडणुकीच्या हवेत दमटपणा जास्त असतो हे शास्त्रही मान्य करील.

आणि तिकडं जपानात? तिथल्या मद्यनिर्मात्यांच्या संशोधन संस्थेनं २००६ साली कोजीला 'राष्ट्रीय बुरशी' म्हणून घोषित केलं. राष्ट्रीय पक्षी असतो, राष्ट्रीय फूल असतं, पण बुरशीला राष्ट्रीय मान देणारा देश हा एकच असावा. आमच्या एका सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग माझ्या सुडीला पद्मश्री द्या." अर्थात बुरशी-बुरशीत फरक असतो, हे त्यालाही ठाऊक होतं. कोजी ही शतकानुशतकं माणसाळवलेली जात आहे; तिचा रानटी भाऊबंद शेंगदाण्यात, मक्यात विष तयार करतो. एकाच घराण्यात एक संत आणि एक गुंड निपजावा असा प्रकार. तेव्हा हे वाचून कोणी काळं पडलेलं सोयाबीन मिठाच्या पाण्यात टाकू नये.

गंमत अशी, की ज्या गावाच्या शिवारात खरिपाला नजर जाईल तिथवर सोयाबीन असतं, त्या गावात सोयाबीन कोणी खात नाही. मूग खातात, तूर खातात, हरभरा तर हिरवा असल्यापासून खातात. सोयाबीनचं पोतं घरातून थेट मोंढ्यावर. तिथून तेलगिरणीत. तेल निघतं, पेंड निघते, पेंड कोंबड्या खातात. २०२४-२५चा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली रेंगाळत होता. नातवानं आणलेल्या बाटलीच्या पैशात पंधरा-वीस किलो तरी सोयाबीन आलं असतं. आत्याला हे गणित मी सांगितलं नाही. तिनंच मनात केलं, कारण तिनं बाटली खाली ठेवली ती दोन्ही हातांनी.

आता खुद्द ग्लुटेन. ते गव्हात, जवात, रायमध्ये असतं. कणकेला जो चिवटपणा येतो, पोळी ताणली की फाटायच्या आधी विचार करते, तो त्याचा प्रताप. ज्वारीत ते नसतं. म्हणून ज्वारीच्या पिठाला गरम पाणी लागतं, काटवटीत तळहातानं रेटून रेटून मळावं लागतं, आणि लाटता येत नाही म्हणून थापावं लागतं. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी थापतानाच कडेनं चिरते. मग बाई पिठाला, गिरणीवाल्याला आणि नवऱ्याला, या क्रमानं बोलते. मराठवाड्यातल्या बायकांचे हात हे ग्लुटेन नसल्यामुळं तयार झालेले हात आहेत.

गहू होता, पण तो मानाचा. आत्याच्या लहानपणी पोळी व्हायची ती सणाला, पाहुण्याला आणि मुख्य म्हणजे जावयाला. जावई आला की ग्लुटेन, जावई गेला की ज्वारी. पुरणपोळीच्या निमित्तानं वर्षाकाठी जे काही ग्लुटेन घराला मिळायचं त्यातलंही पहिलं ताट जावयाचं. एखाद्या घरात जावयाला भाकरी वाढली तर ती बातमी कळमनुरीपर्यंत जायची. त्या काळी कोणी 'आमच्याकडं ग्लुटेन-फ्री जेवण असतं' असं म्हटलं असतं, तर ऐकणाऱ्यानं हळूच विचारलं असतं, कर्ज फार झालंय का?

१९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो आला. मिलो म्हणजे तिकडची ज्वारीच, बहुतेक जनावरांच्या खुराकातली. त्याची भाकरी लालसर व्हायची, घशाखाली उतरायची नाही. आमच्या मागच्या पिढीला आजही मिलो म्हटलं की तोंड वाकडं होतं. बघा म्हणजे, पन्नासेक वर्षांपूर्वी अमेरिकेनं ग्लुटेन-फ्री माल जहाजं भरून आपल्याला पाठवला होता आणि आपण तो शिव्या देत खाल्ला. तेव्हा फक्त हिरवा गोल छापायचा राहिला.

पुढं सोयाबीन आलं तशी खरिपाची ज्वारी शिवारातून हटत गेली. तिच्याबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर बैल. रेशनवर गहू आला, पोळी रोजची झाली आणि जावयाची पत घसरली ती कायमची. मग २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं म्हणून जाहीर केलं आणि शहरात ज्वारी औषधासारखी विकली जाऊ लागली. गावातही ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली. शेजारच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी शक्ती' नावाचं लोह आणि जस्त जास्त असलेलं वाण दिलं आहे. म्हणजे जिच्यात काय नाही याची जाहिरात चालली आहे, तिच्यात काय आहे हे सांगणारंही कोणी आहे.

इथं थट्टा थोडा वेळ बाजूला. ज्यांना सीलियाक नावाचा आजार आहे त्यांच्यासाठी हा हिरवा गोल शोभेचा नाही. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं हे प्रकरण उलगडलं. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, ब्रेड मिळेना, आणि त्याच्याकडची आजारी मुलं, सगळा देश हडकत असताना, उलट सुधारू लागली. ब्रेड परत आला तशी पुन्हा खालावली. भारतात हा आजार उत्तरेच्या गहू खाणाऱ्या भागात शंभरात एकाच्या आसपास सापडतो, दक्षिणेत हजारात एखाद्याला. त्या माणसाला कणकेचा एक कणही छळतो. नातवाला असला काही आजार नव्हता. त्याला ऑफिसातल्या एका मित्रानं सांगितलं होतं की गहू सोडला की हलकं वाटतं. आत्याचं मत असं, की दिवसभर खुर्चीत बसणं सोडलं तरी हलकं वाटतं.

पण नातवानं गव्हाचा शोध मनावर घेतला आणि तिथून घरात खरी करमणूक सुरू झाली. तो स्वयंपाकघरातल्या डब्यांवरची अक्षरं वाचू लागला. पहिल्याच दिवशी हिंगाची डबी सापडली. आपल्याकडं डबीत मिळतो तो निखळ हिंग नसतो. निखळ हिंग इतका उग्र की वरणाच्या पातेल्यात मोहरीएवढा खडा पडला तरी घर सोडावं लागेल. म्हणून तो डिंक आणि पिठात मिसळून विकतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं. बारीक अक्षरात तसं छापलेलंही असतं. म्हणजे ज्या वरणाला, ज्या पिठल्याला, ज्या कढीला हे घर पिढ्यान्‌पिढ्या बिनगव्हाचं समजत होतं, त्यात फोडणीतून रोज थोडा गहू जात होता. "आजी, ग्लुटेन आहे यात!" असं तो अशा आवाजात ओरडला, की आत्याला वाटलं पाल पडली.

मग गिरणी. गावच्या गिरणीत ज्वारी, गहू, हरभरा सगळं एकाच जात्यातून निघतं. गव्हानंतर ज्वारी दळली की ज्वारीच्या पहिल्या पायलीत मागचा गहू उतरतो. बायकांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. "ज्वारीवर ज्वारी टाक रे, गव्हावर टाकू नको, भाकरी चिकट होती," हे वाक्य गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावर चढवून बोलायचं म्हणून इथल्या बायकांचे आवाज तसे असतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ग्लुटेन-फ्री म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे ग्लुटेन २० मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. गव्हाच्या पिठात दहा टक्क्यांच्या आसपास ग्लुटेन धरलं, तर किलोभर ज्वारीच्या पिठात साधारण दोनशे मिलिग्रॅम कणीक मिसळली की मर्यादा गाठली. दोनशे मिलिग्रॅम म्हणजे नखावर राहील एवढी. गिरणीवाला डबा हातात देताना झटकतो, त्यातच याच्या कितीतरी पट उडते. तेव्हा निकाल असा लागला, की ज्वारीच्या मुलुखातली भाकरी नियमात बसत नाही आणि जपानी बाटली बसते. ज्याला खरोखर पथ्य आहे त्यानं गावाकडं येताना भाकरीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. ज्वारी घरच्या जात्यावर किंवा घरघंटीवर वेगळी दळावी, आणि हिंग तांदळाच्या पिठात बांधलेला शोधावा.

एवढं झाल्यावर बाटली फोडली. फोडली म्हणजे उघडली. आमच्याकडं नवीन वस्तू फोडतात.

पहिला प्रयोग वांग्यावर. जपानी लोक वांगं भाजून त्यावर गोड मिसोचा लेप देतात, त्याला नासु देंगाकू म्हणतात, म्हणजे वांग्याला हा पाहुणा परका नाही. चुलीच्या आरावर वांगं भाजलं, साल काढली, हिरवी मिरची आणि लसूण ठेचून घातलं आणि वर दोन चमचे सॉस. मीठ घालू नये. सोया सॉस मुळात मिठाचंच पाणी, त्यात भर घातली की सगळं फुकट. भरीत काळं दिसलं पण चव अशी झाली की दोघा-तिघांनी गप्प बसून खाल्लं. आमच्या घरात हा निकाल समजतात.

कणसाला तर तो हमखास लावावा. जपानात जत्रेत मक्याचं कणीस निखाऱ्यावर भाजताना त्यावर सोया सॉस ब्रशनं मारतात. आपण लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून चोळतो. दोन्हींत वाद घालण्यापेक्षा अर्ध्यावर हे, अर्ध्यावर ते करावं. फक्त एक पथ्य: कणीस, कोंबडी, पनीर काहीही असो, सॉस शेवटी लावायचा. त्यातल्या साखरेला धीर नसतो. निखाऱ्यावर आधीपासून माखून ठेवलं तर वरून कोळसा आणि आतून कच्चं. आधी निम्म्यावर भाजा, मग लेप, मग दोन मिनिटं आच. साखर आणि प्रथिनं तापून जो तपकिरी वास सुटतो त्याची मीमांसा लुई कामिय माईयार या फ्रेंच माणसानं १९१२ साली केली. फोडणीचा कांदा लाल होईस्तो हलवणाऱ्या बायकांनी ती त्याआधीच केली होती, फक्त छापली नव्हती.

शिळ्या भाकरीवर सॉस सगळ्यात जास्त खुलतो, हे माझं ठाम मत. फोडणीची भाकरी करतो तसाच कुस्करा करायचा, तेलात लसूण आणि कांद्याची पात, गाजर-कोबी असेल तर तेही, आणि शेवटी सॉस कडेकडेनं सोडायचा म्हणजे तो कढईला लागून जरा करपतो. आपल्याकडच्या चायनीज गाड्यांवर फ्राइड राइस खाऊन वाढलेल्या पोरांना ही भाकरी देऊन पाहा. १९७५च्या सुमाराला नेल्सन वांग यांनी मुंबईत मंचुरियन काढलं तेव्हापासून या देशात सोया सॉसला परदेशी म्हणणं तसंही शोभत नाही.

खिचडीवर मात्र घालू नये. नातवानं वारंगा फाट्याच्या खिचडीवर खिशातून छोटी डबी काढून तो सोडला तेव्हा शेजारच्या ट्रक ड्रायव्हरनं प्लेट उचलली आणि तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. मला ड्रायव्हरचं पटलं.

हुरड्याची गोष्ट जरा वेगळी. खरं म्हणजे आमचं बार्बेक्यू ते हेच. शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, दुधाळ दाण्यांची कणसं तिच्यात सारायची, भाजली की धुरातच बाहेर ओढून तळव्यावर चोळायची. हात पोळतो, माणूस फुंकत राहतो, आणि तळव्यावर हिरवे, मऊ, वाफाळलेले दाणे उरतात. त्यावर तिळाची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ. आता ओळीनं बघा: तीळ, लसूण, गूळ. बाटलीच्या मागच्या यादीतला निम्मा माल आगटीच्या कडेला आधीच मांडलेला होता. सॉस आला तेव्हा त्याला बसायला जागा नव्हती. एका म्हाताऱ्यानं बोटावर घेऊन चाखला आणि म्हणाला, "चांगलाय, पण चटणी कुठंय?"

उघडल्यावर बाटली थंड जागी ठेवावी असं लिहिलेलं होतं. आत्याच्या फ्रिजमध्ये विरजण, भेंडीचं बियाणं, वासराचं औषध आणि कोणाच्या तरी लग्नाचे उरलेले पेढे असतात. बाटली औषधाशेजारी गेली. दोन्हींचा रंग सारखा. दुसऱ्या दिवशी नातसुनेनं तिच्यावर चिकटपट्टी लावून 'माणसाचं' असं लिहिलं.

बाटली संपणार हे दिसत होतं, म्हणून घरचा सॉस करायचं ठरलं. तमारी पुण्याहून मागवली. तेवढं एक परावलंबन. एक वाटी तमारीला अर्धी वाटी किसलेला गूळ, चमचाभर किसलेलं आलं, तितकाच वाटलेला लसूण, दोन चमचे तांदळाचं व्हिनेगर. व्हिनेगर घेताना माल्टचं घेऊ नये, ते जवापासून होतं आणि मग सगळ्या पथ्यावर पाणी. मिरिन नाही म्हणून गुळाचं पाणी किंचित वाढवलं. राहिलं सफरचंद. डोंगरकड्यात सफरचंद विकत आणायचं म्हणजे केळीच्या बागेचा अपमान. फिलिपाइन्समध्ये मारिया ओरोसा नावाच्या अन्नशास्त्रज्ञ बाईंनी टोमॅटोऐवजी केळ्याचं केचप काढलं होतं आणि ते तिथं आजही घरोघर खातात, तेव्हा आधार होता. एक चांगलं पिकलेलं, साल काळी पडायला लागलेलं केळं कुस्करून घातलं. अशी केळी व्यापारी घेत नाही, घरात मात्र त्यांना तोटा नसतो. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं हलवत राहिलं की केळं विरघळतं, सॉस चमच्याच्या पाठीला धरतो, मैदा किंवा कॉर्नफ्लोअर काही लागत नाही. उतरवून भाजलेले तीळ आणि बारीक चिरलेली कांद्याची पात.

बाटलीतल्यापेक्षा तो दाट झाला, जरा जास्त गोड, आणि मागून केळ्याचा वास येतो. कोंबडीवर तो वास चालतो, पनीरवर तर बरा लागतो. नातवानं फोटो काढला. आत्यानं चमचाभर चाटला, डोळे मिटले, पुन्हा चाटला.

"हळद कुठाय?"

जपानी सॉसमध्ये हळद नसते, हे तिला तिघांनी तीन तऱ्हांनी समजावलं. ज्या जिल्ह्यात हळद काढणीच्या दिवसांत कुठंही जा, हळद शिजायचा वास येतो, आणि जिथल्या वसमतच्या हळदीला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं, तिथं बिनहळदीचं काही शिजवायचं म्हणजे ते फक्त सुतकात, असं तिचं म्हणणं. तिनं डब्यातून पाव चमचा काढली, सॉसात टाकली, ढवळली आणि सॉस पुन्हा मंद आचेवर ठेवला. रंग काही फारसा बदलला नाही.